अंगावरची खूण आणि आपला गट: टॅटू-पिअर्सिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅटू काढायच्या विचारात असलेली मुलंमुली, त्यांचे पालक आणि या विषयावर प्रकल्प करणारे विद्यार्थी साधारण हेच प्रश्न विचारतात. खूण आपल्या अंगावर असली, तरी तिचा अर्थ आपल्या एकट्याच्या हातात नसतो. ती वाचणारा कोण आहे, यावर बरंच काही ठरतं. पुढची बहुतेक उत्तरं या मुद्द्याशी येऊन थांबतात.

ज्याच्या अंगावर टॅटू आहे तो कुठल्या तरी गटाचा असतोच का?

नाही. बाळाची जन्मतारीख, आईचं नाव, आवडलेलं एखादं पान-फूल यांत कुठलाही गट नसतो, आणि आज निघणारे बहुतेक टॅटू असेच असतात. टॅटूला गटाची खूण म्हणायचं तर दोन गोष्टी लागतात. गटातल्या माणसाला ती न सांगता ओळखता आली पाहिजे, आणि 'ही काढायचा तुला हक्क काय?' असं विचारणारं कुणीतरी असलं पाहिजे.

सोव्हिएत काळातल्या तुरुंगांत हे अगदी टोकाला गेलं होतं. गुडघ्यांवर तारे असले तर हा गडी कुणापुढे गुडघे टेकत नाही. छातीवरच्या चर्चला घुमट जितके, तितक्या वेळा शिक्षा भोगलेली. न कमावलेली खूण मिरवणाऱ्याला बाकीचे कैदीच धडा शिकवत.

हातावर फुली गोंदवणारे कोण?

स्ट्रेट एज. अमेरिकेतले हार्डकोर पंक हे दणदणाटी संगीत ऐकणारे, पण दारू, सिगारेट आणि नशेला हात न लावणारे तरुण. त्यांच्या फुलीची गोष्ट मला फार आवडते. १९८० साली वॉशिंग्टन डी.सी.मधल्या शाळकरी पोरांचा टीन आयडल्स नावाचा बँड कॅलिफोर्नियाला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स क्लबमध्ये त्यांच्या हातावर मार्करनं मोठ्या काळ्या फुल्या मारल्या गेल्या. ही मुलं दारू पिण्याच्या वयाची नाहीत, हे बारवाल्याला लांबून दिसावं म्हणून. घरी परतल्यावर पोरांनी आपल्या शहरातल्या क्लबवाल्यांना तोच तोडगा सुचवला: आम्हाला गाणी ऐकायला आत सोडा, फुली दिसली की दारू देऊ नका. १९८१ मध्ये मायनर थ्रेट या बँडच्या गाण्यानं या मंडळींना नाव दिलं, आणि मग वयात बसणारी मुलंही आपणहून फुली मारू लागली. मनाईसाठी सुरू झालेली खूण निश्चयाची झाली.

मार्करची फुली धुतली की जाते, म्हणून पुढे ती गोंदवली जाऊ लागली: हाताच्या पाठीवर, पोटरीवर, कधी तीन फुल्या एका ओळीत. अडचण तिथून सुरू होते. विशीतला निश्चय तिशीत सुटला तरी फुली सुटत नाही. जुने मित्र जाब विचारतात, काहीजण तिच्यावर दुसरं चित्र काढून ती झाकतात. तरीही या सगळ्या विषयातली ही सर्वांत सच्ची खूण आहे असं मला वाटतं. ती मिरवायची तर रोज पाळावी लागते.

पंकवाले सेफ्टी पिन का टोचून घेत?

१९७६-७७चं लंडन डोळ्यांसमोर आणा. ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा दहा लाखांच्या वर गेलेला, शाळा सोडलेल्या पोरांना काम नाही. सेफ्टी पिन घरोघरी होती, फुकटात मिळत होती, आणि ती कानात, नाकात किंवा गालात दिसली की समोरचा सभ्य माणूस दचकत असे. दचकवणं हाच हेतू होता. किंग्ज रोडवरच्या व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅकलॅरन यांच्या दुकानानं या पेहरावाला आकार दिला. १९७७ मध्येच झँड्रा रोड्स या नामवंत डिझायनरनं पिना लावलेले महागडे कपडे बाजारात आणले. गरिबीतून आलेली खूण श्रीमंतांच्या अंगावर जायला वर्षभरही लागलं नाही.

आज मॉलमध्ये होणारं पिअर्सिंग आलं कुठून?

कानाची पाळी आणि नाक सोडून बाकीच्या पिअर्सिंगबद्दल विचारत असाल, तर त्याचा मोठा भाग लॉस एंजेलिसच्या समलिंगी पुरुषांच्या लेदर-मंडळींकडून (चामड्याचा पेहराव हीच ज्यांची ओळख) आला. हे सहसा सांगितलं जात नाही, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

जिम वॉर्ड यांनी १९७५ मध्ये 'गाँटलेट' हा व्यवसाय घरातून सुरू केला आणि १९७८ मध्ये त्याचं दुकान झालं. पोकळ सुई, त्वचा धरायचा चिमटा, बंद होणाऱ्या मण्याची रिंग, दोन्ही टोकांना गोळी असलेली सळई ही आजच्या प्रत्येक स्टुडिओतली सामग्री त्या वर्तुळात घडली किंवा रुळली. सळईची कल्पना जर्मनीतल्या एका टॅटू आर्टिस्टकडून आली होती. ज्या पुरुषांना बाहेर नोकरी, घर, नातेवाईक गमावण्याची भीती होती, त्यांच्यासाठी कपड्याखालची रिंग ही आपल्या माणसांना ओळखायची आणि स्वतःच्या शरीरावर स्वतःचा हक्क सांगायची गोष्ट होती. मग एड्सची साथ आली. हातमोजे, निर्जंतुकीकरण, एकदा वापरून फेकायच्या सुया हा त्या मंडळींच्या जगण्यामरण्याचा प्रश्न झाला. आज तुमच्यासमोर सुईचं पाकीट फोडलं जातं, त्यामागे तो काळ आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत पिअर्सिंग करणाऱ्यांची व्यावसायिक संघटना उभी राहिली.

१९९३ मध्ये एअरोस्मिथ बँडच्या एका व्हिडिओत नायिका बेंबी टोचून घेताना दिसली आणि ही लाट घराघरात पोहोचली.

एक इशारा. 'रोमन सैनिक छातीला रिंगा अडकवत, त्यात अंगरखा बांधत' यासारखी माहिती इंटरनेटवर सर्रास फिरते. तिचा बराचसा भाग गाँटलेटला पैसा पुरवणाऱ्या डग मॅलॉय या टोपणनावाच्या गृहस्थांच्या पत्रकातून आला आहे, आणि तो रचलेला आहे. नव्या गटाला जुने पूर्वज हवेसे वाटतात, हे मी समजू शकतो. प्रकल्पात मात्र ते लिहू नका.

मुलानं उजवा कान टोचला तर लोक 'तसा' समजतील का?

१९७०-८०च्या दशकांत अमेरिकेच्या शहरांत समलिंगी पुरुष एकमेकांना ओळखण्यासाठी असे संकेत वापरत. एकाच कानातली रिंग हा त्यातला एक. तो कधीच सगळीकडे सारखा नव्हता, आणि पुरुष दोन्ही कान टोचू लागल्यावर तो विरूनही गेला. आपल्याकडे तो कॉलेजच्या कट्ट्यावर चेष्टेच्या रूपात पोहोचला. ज्या महाराष्ट्रात पुरुष पिढ्यानपिढ्या भिकबाळी घालत आले, तिथे ही चेष्टा चालावी याचं मला वाईट वाटतं. मुलगा समलिंगी असेल तर ते कानावरून कळणार नाही. कळलंच तर त्याला घरच्यांचा आधार लागेल, चौकशी नव्हे.

भिकबाळीला उपसंस्कृतीची खूण म्हणायचं का?

आजच्या भिकबाळीला म्हणता येईल. सोन्याच्या तारेत मोती आणि मधे एखादा रंगीत खडा, कानाच्या वरच्या कडेला घालायचा हा दागिना पेशवाईतल्या चित्रांमुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मधल्या काळात तो जवळपास लग्नमुंजीपुरता उरला होता. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांनी त्याला पुन्हा रस्त्यावर आणलं. पांढरा झब्बा, कमरेला शेला, कपाळावर चंद्रकोर, कानात भिकबाळी आणि मुलींच्या नाकात नथ. पावसाळ्यात नदीकाठच्या सरावाला जाणाऱ्या पोरांकडे पाहिलं तर कुणी खरोखर कान टोचलाय आणि कुणाची भिकबाळी प्रेसची आहे, हे पथकातल्यांना लगेच कळतं. वरची कूर्चा, म्हणजे कानाचं लवचीक हाड, टोचून तिचा ठणका सोसलेल्याला तिथे वेगळा मान असतो. गटाची खूण अशीच असते.

मात्र भिकबाळीमागे पेशवाई आहे, आणि पेशवाईची आठवण महाराष्ट्रात सगळ्यांना सारखी गोड नाही. पथकात आता सगळ्या जातींची मुलंमुली असतात, त्यामुळे हा दागिना एका वर्गापुरता राहिलेला नाही असं माझं मत आहे. ज्यांना तो खुपतो त्यांच्या खुपण्याला कारण आहे, हेही तितकंच खरं.

भारतात पंथाची ओळख म्हणून अंगावर खूण करणारे कोण आहेत?

नाथपंथातले कानफाटे जोगी दीक्षेच्या वेळी कानाची कूर्चाच चिरून घेतात आणि तिच्यात जाड कुंडलं घालतात. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर ही परंपरा मराठी वाचकाला सांगायला नको, पण ज्ञानेश्वर कानफाटे नव्हते, हे लक्षात घ्यावं. पंथाचा विचार एकीकडे वाहत गेला आणि शरीरावरची खूण जोग्यांकडे राहिली.

दुसरं उदाहरण छत्तीसगडच्या रामनामी समाजाचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चारपारा गावच्या परशुराम यांच्यापासून हा समाज सुरू झाला. अस्पृश्य ठरवलेल्या या लोकांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांनी देवळाची वाटच पाहिली नाही, अंगभर 'राम' गोंदवून घेतलं. काजळीची शाई, एकत्र बांधलेल्या सुया, आणि देवनागरीतली ही दोनच अक्षरं शेकडो वेळा. कपाळावर दोनदा राम असलेला शिरोमणी, पूर्ण कपाळ भरलेला सर्वांग, पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत भरलेला नखशिख. डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, अंगावर 'राम' लिहिलेली शाल, हातात घुंगरू आणि भजन. त्यांचा राम निर्गुण आहे, मूर्ती आणि पुजारी दोन्ही लागत नाहीत. ज्या शरीराला शिवायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच शरीरावर त्यांनी देवाचं नाव लिहिलं. टॅटूतून झालेला याहून मोठा प्रतिकार मला माहीत नाही.

आता चेहरा भरलेले रामनामी म्हातारे होत आहेत. शहरात कामाला जाणारी तरुण मुलं छातीवर किंवा हातावर एखादाच 'राम' काढून थांबतात. खूण चेहऱ्यावर असली की मुलाखतीला आत जायच्या आधीच वाचली जाते.

जपानमध्ये टॅटूवाल्यांना गरम पाण्याच्या कुंडात का घेत नाहीत?

टॅटू म्हणजे याकुझा टोळ्या, हे तिथलं समीकरण. मागची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) गुन्हेगारांच्या दंडावर शिक्षा म्हणून पट्टे गोंदले जात. त्याच काळात, १८२७च्या सुमारास, उतागावा कुनियोशी यांनी चिनी वीरकथेतले गोंदलेले नायक लाकडी ठशांच्या चित्रांत रंगवले आणि ते प्रचंड गाजले. आग विझवणारे, हमाल, सुतार यांनी तसेच ड्रॅगन आणि मासे पाठभर काढून घेतले. १८७२ मध्ये मेइजी सरकारनं गोंदणावर बंदी घातली, कारण पाश्चात्त्यांसमोर आपण रानटी दिसू नये. गंमत पाहा, पुढे पाचवा जॉर्ज म्हणून ब्रिटनचा राजा झालेल्या राजपुत्रानं १८८१ मध्ये जपानला जाऊन हातावर ड्रॅगन काढून घेतला. बंदी १९४८ पर्यंत टिकली आणि तेवढ्या काळात कला गुन्हेगारी वर्तुळाच्या जवळ सरकली.

२०१३ मध्ये होक्काइदोत हनुवटीवर पारंपरिक गोंदण असलेल्या एका माओरी विदुषीला कुंडात प्रवेश नाकारला गेला. न्यूझीलंडमध्ये त्याच गोंदणाला वंशाचा सन्मान मानतात; त्यासह नानाया माहुता २०२० मध्ये त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. जपानमध्येही हवा बदलते आहे. टॅटू काढणं ही वैद्यकीय क्रिया नाही, त्यासाठी डॉक्टरचा परवाना लागत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दिला.

खूण चुकीची वाचली गेली तर?

माणूस तुरुंगात जाऊ शकतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेनं दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन पुरुषांना टोळीचे सदस्य ठरवून एल साल्वादोरच्या महातुरुंगात पाठवलं. पुराव्यात टॅटू मोजले गेले. कुणाच्या हातावर आईवडिलांच्या नावावर मुकुट होता, कुणाच्या अंगावर फुटबॉल क्लबशी नातं सांगणारं चित्र. त्या टोळीत सदस्यत्वाची अशी ठरलेली खूणच नाही, असं जाणकार सांगत होते.

भारतात इंग्रजांनी तर सक्तीनंच गोंदवलं. कंपनी सरकारच्या अनेक मुलखांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्ह्याची नोंद गोंदली जाई. १८४९ मध्ये ही शिक्षा रद्द झाली. कैदी डोक्याचं पागोटं भुवयांपर्यंत ओढून ही नोंद झाकत.

मला राजमुद्रा किंवा 'जय भीम' काढायचं आहे. काय पाहू?

आधी अक्षरं पाहा. राजमुद्रेचा श्लोक जोडाक्षरांनी भरलेला आहे. स्टुडिओतल्या जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर चिकटवला की 'प्रतिपच्चंद्रलेखेव'मधला च्च फुटून पहिल्या च खाली पाय मोडलेला दिसतो, 'वर्धिष्णु'चा रफार भलत्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी मागे पडते. आर्टिस्ट अमराठी असेल तर त्याला हे कळणार नाही. त्वचेवर जांभळं स्टेन्सिल, म्हणजे चित्राची कच्ची छाप, उमटल्यावर सुई लागण्याआधी थांबायला सांगा. आरशात वाचू नका, अक्षरं उलटी दिसतात. फोटो काढून संस्कृत येणाऱ्या माणसाला पाठवा. स्टेन्सिल पुसता येतं.

जागाही विचारपूर्वक निवडा. राजमुद्रा पायावर काढलेली पाहून चिडणारे बरेच आहेत, आणि त्यात वावगं नाही. 'जय भीम'चं वेगळं आहे. मनगटावर ते शब्द घेऊन फिरणारा आपली ओळख लपवणार नाही असं जाहीर करत असतो. घरमालक, वरिष्ठ, हॉस्टेलमधला सोबती यांच्यापैकी कुणीतरी ते वाचून वागणूक बदलतो, हे कितीतरी तरुण सांगतात. तरीही ते काढतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

सैन्यात किंवा पोलिसांत जायचं असेल तर?

जाहिरातीतली अट शब्दन् शब्द वाचा. लष्कराच्या भरतीत कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी समाजांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत मिळू शकते. केंद्रीय सशस्त्र दलांत आकाराची आणि मजकुराची अट असते, आणि सलामी देणारा उजवा हात मोकळा असावा लागतो. बारावीत असताना मित्रांसोबत काढलेला टॅटू मैदानी चाचणी पास झाल्यावर आडवा येतो. अशा मुलांचे प्रश्न फार येतात आणि तेव्हा फारसं काही करता येत नाही.

मुलीनं न विचारता भुवई टोचून घेतली. ती वाईट संगतीत आहे का?

भुवईच्या रिंगेवरून संगत ठरवू नका. कुठल्या गाण्याच्या, कुठल्या मित्रांच्या जगात ती वावरते हे तिलाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत रिंग काढायचा हट्ट धरू नका. त्याआधी जखम पाहा: लाली पसरतेय का, पू आहे का, ताप आहे का. असेल तर डॉक्टरकडे न्या.

टोचण्याआधी तब्येतीचं काय पाहायचं?

कानाची पाळी दीड-दोन महिन्यांत भरते, वरच्या कूर्चेला सहा महिने ते वर्ष लागतं. कूर्चेला टोचायची गन नको, पोकळ सुईच हवी. पहिला दागिना इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमचा घ्या. निकेलनं अनेकांना खाज सुटते. घरात कुणाला जखमेवर फुगीर वण येत असतील, म्हणजे केलॉइड, तर कूर्चा टोचूच नका. सुई आणि शाईचा छोटा कप समोर उघडलेला हवा, नाहीतर हिपॅटायटिस बी आणि सीचा धोका असतो. गोव्याच्या किनाऱ्यावर मिळणारी 'काळी मेंदी' तात्पुरती असली तरी त्यात केसांच्या डायमधलं रसायन असू शकतं आणि त्यानं कातडी भाजल्यासारखी होते. टॅटू किंवा पिअर्सिंगनंतर साधारण वर्षभर रक्तदान करता येत नाही.

गट सुटला, आता टॅटू नको आहे. जातो का?

लेझरनं फिका होतो, काही वेळा जवळपास जातो. काळी शाई सर्वांत लवकर निघते, हिरवी-पिवळी चिवट असते. बैठका अनेक लागतात, दोन बैठकांत काही आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं आणि खर्च टॅटूपेक्षा बराच जास्त येतो. सावळ्या त्वचेवर पांढरे किंवा काळे डाग राहू शकतात, म्हणून हे त्वचारोगतज्ज्ञाकडेच करा, पार्लरमध्ये नको. कव्हर-अप हा दुसरा मार्ग. नवं चित्र जुन्याच्या किमान दुप्पट आणि जास्त गडद लागतं, त्यामुळे आधी एक-दोन लेझर बैठका घेऊन जुनं फिकं करून घेतलं तर आर्टिस्टला काम सोपं जातं.